पंचविशीनंतरचा वेताळ

मे महिन्याच्या सुट्टीत नात निपाणीला आली की आमच्या घरात एकदम तीन भाषा नांदू लागतात. तिचे वडील धारवाडचे, शाळा बेंगळुरूची आणि आजोळ आमचं. ती मला हाक मारते ती मराठीतली आजी की कन्नडमधली अज्जी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नाही. दोन्ही कानाला सारखंच गोड लागतं.

यंदा तिच्या बॅगेत एक जाडसर इंग्रजी पुस्तक होतं, पीटर पॅनच्या गोष्टीचा पुढचा भाग. लेखिका जेराल्डिन मॅकॉक्रन, साल २००६. पीटर पॅन लिहिणारे जे. एम. बॅरी वारले १९३७ मध्ये. म्हणजे मधे जवळजवळ सत्तर वर्षं गेली. पोरीनं जेवता जेवता विचारलं, "आजी, गोष्ट लिहिणारा माणूस गेल्यावर दुसऱ्यानं पुढची गोष्ट लिहिली तर चालतं का गं? ते चीटिंग नाही?"

वाचकहो, प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. पीटर पॅनचं म्हणाल तर तिथं सगळं कायदेशीर आहे. बॅरींनी १९२९ मध्येच त्या गोष्टीचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले होते. पुढं हॉस्पिटलनंच ठरवलं की याचा दुसरा भाग यावा, आणि लेखकांतून या बाईंची निवड केली. विनी द पूह या अस्वलाच्या गोष्टींचाही असाच अधिकृत पुढचा भाग २००९ मध्ये निघाला. म्हणजे परवानगी घ्यायला कुणीतरी होतं, सही करणारं कुणीतरी होतं.

आमच्या वेताळाला कोण वारस? त्याची परवानगी कुणाकडं मागायची? स्मशानात जाऊन?

मी नातीला म्हटलं, "अगं, आमच्या लहानपणी तर दर महिन्याला ही चीटिंग व्हायची. आणि आम्ही पैसे देऊन ती घरी आणत होतो."

त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला, लाइट गेली, आणि कंदील लावून मी तिला विक्रम-वेताळ सांगायला बसले. त्या रात्रीचं पुढं सांगते. आधी थोडं मागं जाऊ या.

आपल्याकडं वेताळ म्हटलं की उज्जैनचा विक्रम राजा आठवतो. पण काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला, त्यात या कथांचा राजा उज्जैनचा नाहीच. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आणि त्याचं नाव त्रिविक्रमसेन. मराठीनं त्या नावातला 'त्रि' कधीतरी वाटेत टाकला. कन्नडनं मात्र तो जपून ठेवला. हट्टाला पेटलेल्या माणसाला कन्नडमध्ये 'छल बिडद त्रिविक्रम' म्हणतात, म्हणजे हट्ट न सोडणारा त्रिविक्रम. पैठणच्या राजाचं अस्सल नाव गोकाक-बैलहोंगलच्या बायकांच्या तोंडी टिकून राहिलं, याची मला फार मजा वाटते. आपण मराठी माणसं त्याच प्रसंगी 'ये रे माझ्या मागल्या' म्हणून मोकळे होतो.

तर या राजाकडं क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज येऊन एक फळ देई. फळांत रत्नं होती हे एका माकडामुळं कळलं. राजानं कारण विचारलं, तेव्हा भिक्षू म्हणाला, रात्री स्मशानात ये आणि झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून दे. प्रेतात वेताळ शिरलेला. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल म्हणतो. आणि राजा बोलला की पुन्हा झाडावर. हे सगळं आपल्याला पाठ आहे.

पण या गोष्टीला शेवट आहे, हे किती जणांना आठवतं? शेवटच्या कथेत बाप आणि मुलगा रानातून चाललेले असतात. वाटेत दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठं पाऊल, एक लहान. दोघं ठरवतात, मोठ्या पावलाची ती बापाची बायको आणि लहान पावलाची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळतं, त्या मायलेकी आहेत, आणि मोठं पाऊल लेकीचं आहे! शब्द दिला म्हणून बाप लेकीशी आणि मुलगा आईशी लग्न करतो. आता त्यांना जी मुलं होतील, त्यांचं एकमेकांशी नातं काय? इथं राजाची मती खुंटली. तो गप्प चालत राहिला.

(माझी आई हे ऐकून हसायची. ती कन्नड घरातली, माहेर गोकाककडचं. "आमच्यात सोदरमावाशी, सख्ख्या मामाशी, लग्नं होतात. मामा नवरा, आजी सासू, आई नणंद. तुझ्या राजानं आमच्या घरी यायचं होतं, चहा होईपर्यंत नातं सांगितलं असतं," असं म्हणायची.)

राजाचं ते मौन वेताळाला आवडलं. त्यानं भिक्षूचा डाव फोडला. तो तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणाला तर 'मला येत नाही, तू करून दाखव' म्हण आणि त्याचं डोकं उडव. तसंच झालं. वर माग म्हटल्यावर राजानं काय मागावं? राज्य नाही, सोनं नाही. या गोष्टी जगात प्रसिद्ध होवोत, एवढंच मागितलं. वेताळ तथास्तु म्हणाला.

म्हणजे बघा, गोष्ट संपली. भिक्षू मेला, वेताळ मोकळा झाला, राजा घरी गेला. इथं पुढचा भाग लिहायला जागाच उरत नाही. मराठी छापील पुस्तकांच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८३० च्या सुमारास, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली, तीही नावाप्रमाणं पंचवीसच.

आणि मग आला चांदोबा.

मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीनं जुलै १९४७ मध्ये 'चंदमामा' सुरू केला. 'पाताळभैरवी', 'मायाबाजार' हे सिनेमे काढणारी हीच माणसं. आधी तेलुगू-तमिळ, मग चाळीसचं दशक संपता संपता कन्नड, आणि १९५२ मध्ये मराठी 'चांदोबा'. मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा. १९५२ पासून १९८० पर्यंत, म्हणजे वारेपर्यंत, कोडवटिगंटी कुटुंबराव हे मोठे तेलुगू लेखक ते काम बघत होते. तिथून तो मजकूर बाकीच्या भाषांत जाई. चित्रं सगळीकडं एकच. वेताळकथेच्या डोक्यावरचं ते चित्र तुम्हाला आठवत असेलच: उपसलेली तलवार, खांद्यावर मढं, मागं स्मशान. ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. त्यांचं नाव आम्हाला लहानपणी ठाऊकही नव्हतं. पण रात्री परसात जायची भीती वाटायची ती त्यांच्यामुळं, हे आज कळतं.

आमच्या घरी दोन अंक येत. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ते पगाराच्या दिवशी स्टँडवरून मराठी चांदोबा आणत. आई शाळा कन्नड शिकलेली. तिच्यासाठी गोकाकचा मामा कन्नड 'चंदमामा' बसमधून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवी. तो कधी आठ दिवस उशिरा यायचा, कधी आधीच. आम्ही दोघी भावंडं दोन्ही अंक जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवायचो. चित्र तेच, अक्षरं वेगळी. मराठीतला वेताळ कन्नडमध्ये 'बेताळ' व्हायचा. मी कन्नड वाचायला शिकले ती शाळेत नाही, त्या दोन अंकांवर बोट ठेवून. हे चित्र इकडं आहे, म्हणजे तिकडची ही ओळ तीच असणार, या हिशोबानं. आई चुलीजवळून चुका दुरुस्त करायची. आमच्याकडं या दोन भाषांवरून पुष्कळ काही झालं आणि होत असतं, त्यात मी शिरत नाही. पण वेताळ दोन्हीकडं सारख्याच वेळा झाडावर जायचा, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

आता मूळ मुद्दा. पंचवीस गोष्टी महिन्याला एक या हिशोबानं किती दिवस पुरतील? दोन वर्षं आणि एक महिना. चांदोबातला वेताळ दशकानुदशकं बोलत राहिला. पंचवीस संपल्या, आणि मागं राहिली ती शेकडो नव्या गोष्टींची रांग. मूळ कथांसारखे राजे, मंत्री, व्यापारी, मांत्रिक, शापित राक्षस. पण गोष्ट कुठल्या पोथीत शोधायला जाल तर सापडणार नाही. त्या कार्यालयात बसून लिहिलेल्या. आणि हे त्यांनी जमवलं कसं? त्यांनी फक्त एकच केलं. राजाला कधी शेवटच्या कथेपर्यंत पोचूच दिलं नाही. राजा दर महिन्याला बोलला, वेताळ दर महिन्याला उडाला. भिक्षू बिचारा स्मशानात वाट बघत बसला तो बसलाच. ही युक्ती मला तरी जगातल्या सगळ्या पुढच्या भागांत हुशारीची वाटते. इंग्रजीत पुढचा भाग काढायचा तर आधीचा शेवट सोडवावा लागतो, मेलेल्याला उठवावं लागतं, मोठ्या झालेल्या मुलांना पुन्हा लहान करावं लागतं. इथं शेवटच पुढं पुढं ढकलला.

पण त्या सगळ्याच गोष्टी चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. आठवणी गोड असतात म्हणून काय झालं! मूळ कथांत प्रश्न गोष्टीच्या पोटातून येतो. मंदारवतीचीच कथा घ्या. तीन तरुण तिच्यावर जीव टाकतात. ती अचानक मरते. एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी घेऊन गंगेला जातो, एक गावोगाव फिरून मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळवतो. ती जिवंत होते. आता ती कुणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बापासारखा, अस्थी नेल्या तो मुलासारखा, राखेला कवटाळून राहिला तोच नवरा. उत्तर पटो न पटो, पण प्रश्न टाळता येत नाही. चांदोबातल्या बऱ्याच नव्या गोष्टींत मात्र प्रश्न मागून शिवल्यासारखा वाटे. गोष्ट आपली सरळ चाललेली असे, मग वेताळ शेवटी विचारी की अमक्या मंत्र्यानं बक्षीस का नाकारलं? आणि राजा अर्ध्या पानात शहाणपण सांगे. दहाव्या वर्षीही आम्हाला ते आधीच कळायचं. महिना भरायचा म्हणून जे लिहिलं जातं त्याची नड दिसतेच. मी स्वतः इतकी वर्षं हे सदर लिहिते आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

१९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांची मालिका आली. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. चांदोबा १९९८ मध्ये बंद पडून वर्षभरानं परत सुरू झाला, २००७ मध्ये तो मुंबईच्या एका कंपनीकडं गेला आणि आणखी पाचसहा वर्षांत थांबला. तेव्हापासून वेताळ पुन्हा पंचवीस गोष्टींचा झाला.

आपल्याकडचा अलीकडचा पुढचा भाग म्हणाल तर फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ च्या सिनेमात मोठा होऊन वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो. अमेय वाघनं काम झकास केलंय, आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवतांच्या रूपात गोष्टीत आणून बसवलंय, ही कल्पना मला भारी आवडली. पण फेणे जादूच्या गावचा नव्हे. सायकलवरचा मुलगा मोठा झाला, इतकंच. जादूच्या गोष्टीचं अवघड असतं. जादू मोठी होत नाही, आणि वाचणारा तर होतो.

आता त्या वळवाच्या रात्रीकडं येते. नातीला मी डोकी बदललेल्या माणसांची कथा सांगितली. पंचविशीतली ती सहावी. देवीच्या देवळात दोन तरुण स्वतःची मस्तकं उतरवतात. सोमदेवाकडं ते एका स्त्रीचा नवरा आणि भाऊ आहेत. पुढच्या काही रूपांत भावाच्या जागी नवऱ्याचा मित्र आला. देवी तिला म्हणते, डोकी धडांना लाव, जिवंत होतील. घाईत तिच्या हातून अदलाबदल होते. मग नवरा कोण? राजा म्हणतो, शरीरात डोकं श्रेष्ठ, ज्याचं डोकं नवऱ्याचं तोच नवरा. वेताळ उडाला.

मी कंदिलाची वात खाली करायला गेले तर पोरगी म्हणते, "आणि तिला कुणी विचारलं?"

"कुणाला?"

"त्या बाईला. तिला काय वाटलं ते राजाला कसं कळणार? मुंद एनातु?"

मुंद एनातु. मग पुढं काय झालं. आमची आई गोष्ट सांगताना थांबली की आम्हीही हेच म्हणायचो. आईसमोर मराठीत 'मग?' म्हटलं तर ती गोष्ट पुढं नेतच नसे.

या पोरीचा प्रश्न धारवाडमध्ये वाढलेल्या एका माणसानं पन्नासेक वर्षांपूर्वी विचारला होता. गिरीश कार्नाड. त्यांचं कन्नड नाटक 'हयवदन', १९७१ चं. त्याआधी जर्मन लेखक टोमास मान यांनी १९४० मध्ये हीच कथा घेऊन एक छोटी कादंबरी लिहिली होती. कार्नाडांनी धागा तिथून उचलला. मराठीत हे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं आणि विजया मेहतांनी रंगभूमीवर उभं केलं. राजा जिथं उत्तर देऊन मोकळा होतो, तिथून पुढं कार्नाडांची पद्मिनी जगायला लागते. तिला वाटतं, हुशार देवदत्ताचं डोकं आणि बळकट कपिलाचं अंग, दोन्ही मिळालं. पण दिवस जातात तसं ते अंग डोक्याच्या वळणावर जातं. कसलेलं शरीर मऊ पडतं, जुना देवदत्त परत येतो. तिकडं रानात गेलेला कपिल पुन्हा कणखर होतो. राजाचं उत्तर खरं ठरतं, आणि तेच तिच्या नशिबाला येतं. शेवट मी नातीला सांगितला नाही. मोठी झाली की बघेल. पण अंग पुन्हा बदलत गेलं, इथपर्यंत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती परत जिथली तिथं."

दुसऱ्या दिवशी मी तिला आणखी एका पुस्तकाबद्दल सांगितलं. ते मला बेळगावच्या एका मैत्रिणीनं वाचायला दिलं होतं. इडिथ नेस्बिट या इंग्रज लेखिकेची १९०२ ची एक गाजलेली गोष्ट आहे. पाच भावंडांना वाळूच्या खड्ड्यात एक चिडका, जुनाट जादूचा प्राणी सापडतो, तो रोज एक इच्छा पुरवतो. धमाल गोष्ट. केट साँडर्स या लेखिकेनं २०१४ मध्ये तिचा पुढचा भाग लिहिला. तिनं एवढंच केलं, की मुलांची वयं मोजली. १९०२ मध्ये जी मुलं खेळत होती, ती १९१४ मध्ये केवढी असतील? थोरला मुलगा सैन्यात जायच्या वयाचा. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. तो वाळूतला प्राणी परत येतो, पण आता इच्छा पुरवायची ताकद त्याच्यात राहिलेली नाही. नेस्बिटबाईंना लिहिताना हे माहीत असणं शक्यच नव्हतं. पण नंतरच्या बाईला माहीत होतं, आणि माहीत असून ती गप्प बसली असती तर तिचंही डोकं फुटलं असतं, असं मला वाटतं.

बेळगावकडच्या माणसाला हे पुस्तक परकं वाटू नये. त्याच युद्धात मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियात होते, १९१५-१६ च्या कुतच्या वेढ्यात अडकले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तिथल्या मैदानावर पहाटे धावणारी पोरं आपण रोज बघतो. कधीतरी गोष्टी ऐकतच झोपी गेलेली पोरं.

माझ्या आईचा थोरला भाऊ असाच बेळगावला जाऊन भरती झाला, दुसऱ्या महायुद्धात. ब्रह्मदेशाकडं गेला एवढं घरी कळलं. मग कागद आला, माणूस आला नाही. आई तेव्हा दहाबारा वर्षांची. गोकाकच्या आजीनं त्याचं दिवसकार्य कितीतरी वर्षं करू दिलं नाही. देह बघितल्याशिवाय कसलं कार्य, असं तिचं म्हणणं.

हे मी आत्ता लिहिते आहे कारण आईच्या वेताळकथेत एक भाग असा होता, जो दोन्ही अंकांत कुठंच नव्हता. सोमदेवातही नाही. आम्हाला तो चांदोबातलाच वाटायचा. मोठं झाल्यावर जुने अंक चाळले तेव्हा कळलं, हे आईचं स्वतःचं.

आई विचारायची, राजाच्या खांद्यावर मढं होतं ते कुणाचं?

सगळी गोष्ट त्या मढ्यावर चालते. राजा ते वाहतो, वेताळ त्याच्या तोंडून बोलतो, भिक्षूला ते हवं असतं. पण ते कुणाचं पोर होतं, झाडाला कसं लटकलं, त्याची आई कुठं होती, हे एवढा मोठा न्यायी राजा एकदाही विचारत नाही. आईचं झाड हुणसी मर होतं, चिंचेचं. तिच्या गोष्टीत वेताळ उडून झाडावर परत गेला की लगेच झोपत नसे. तो त्या मढ्याशी बोलायचा. तुझ्या गावावरून आलो, म्हणायचा. यंदा जोंधळा बरा आलाय. तुझ्या आईनं अंगण सारवलंय. तुझी बहीण शाळेत जाते. एवढं सांगून होतंय तोवर राजा परत यायचा. आई रोज वेगळी बातमी सांगायची. कधी म्हैस व्यायली, कधी आडाला पाणी लागलं. तळकोकणात आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्रभर गावाची राखण करत फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून. हे तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून तिच्या वेताळाच्याही चपला झिजायला लागल्या. गोकाकपर्यंत जाऊन यायचं म्हणजे लांब पडतं, म्हणायची.

आम्ही हसायचो. तिला भाऊ होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण दोन्ही गोष्टी एकत्र जोडायचं वय नव्हतं. जोडल्या तेव्हा आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं सांगितलेल्या त्या बातम्यांतल्या आज मला जेमतेम आठ आठवतात. बाकीच्या कुठं लिहून ठेवल्या नाहीत.

नातीला मी हे सगळं सांगितलं. डोकी बदललेल्यांची कथा तिनं तासाभरात पचवली होती, इथं मात्र ती अडून बसली. वेताळाला मढ्याचं गाव कसं माहीत? मढ्याला ऐकू येतं का? त्याच्या आईला कुणी सांगितलं का, की तुझ्या मुलाला रोज बातमी पोचते? मला उत्तरं येत नव्हती. त्रिविक्रमासारखी मी आपली गप्प.

संध्याकाळी ती अंगणात वही घेऊन बसलेली दिसली. जवळ जाऊन पाहिलं तर वरती नाव इंग्रजीत, खाली दोन ओळी मराठीत, आणि मढं बोलतं तिथं कन्नड. शाळेतल्या बाईंना हे काय दाखवणार, हा विचार माझ्या मनात आला, पण मी बोलले नाही. तिनं मान वर न करता विचारलं, "आजी, तो झाडावरचा माणूस. त्याला नाव हवं ना? नुसतं मढं कसं लिहू?"

मी मामाचं नाव सांगितलं. शेवटचं अक्षर र्‍हस्व की दीर्घ, एवढंच तिनं विचारलं आणि लिहून टाकलं.